सोव्हिएट संरक्षण खर्च : अंदाज व आर्थिक भार

सोव्हिएट संघाने (१९२२–९१) आपल्या सैन्यदलांवर व शस्त्रास्त्रांवर प्रत्यक्षात केलेला खर्च आणि त्या खर्चाचा त्याच्या अर्थव्यवस्थेवर पडलेला भार यांसंबंधी केलेले अनुमान. कोणत्याही देशाचा संरक्षण खर्च सामान्यतः त्याच्या अर्थसंकल्पावरून समजतो. सोव्हिएट संघाच्या बाबतीत तो तसा समजत नसे. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरची चार दशके अमेरिका व पश्चिम यूरोपातील अनेक अर्थशास्त्रज्ञ या एका आकड्याच्या शोधात गुंतलेले होते. अमेरिकेचा स्वतःचा संरक्षण खर्च, शस्त्रकपातीच्या वाटाघाटी आणि सोव्हिएट अर्थव्यवस्था हा भार किती काळ पेलू शकेल याविषयीची भाकिते अशा अनेक गोष्टी त्या आकड्याशी निगडित होत्या [⟶ शीतयुद्ध]. पुढे गोपनीयतेचा पडदा दूर झाला, तेव्हा खुद्द सोव्हिएट राज्यकर्त्यांनाही हा भार निश्चितपणे सांगता येत नव्हता, असे दिसून आले.

अधिकृत आकडा : सोव्हिएट अर्थसंकल्पात ‘संरक्षण’ या नावाची एकच ओळ असे. तिच्यात कोणत्या बाबी अंतर्भूत आहेत व कोणत्या नाहीत, याचे स्पष्टीकरण दिले जात नसे. १९६० मध्ये हा आकडा ९.३ अब्ज रूबल होता (१ अब्ज = १०० कोटी; १९६१ च्या चलनबदलानंतरच्या नव्या रूबलांत). तो १९७० मध्ये १७.९ अब्जांपर्यंत चढला. त्यानंतर मात्र तो जणू गोठला. १९७३ पर्यंत तो तेथेच राहिला आणि पुढे हळूहळू उतरत १९८० मध्ये १७.१ अब्ज झाला. याच काळात सोव्हिएट संघाने आंतरखंडीय क्षेपणास्त्रांची नवी पिढी तैनात केली, महासागरांवर संचार करणारे आरमार उभारले, चीनच्या सीमेवरील सैन्य वाढविले आणि डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात फौजा धाडल्या. सैन्य वाढत असता खर्च उतरावा, हे कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते.

अशा आकड्यांचा इतिहास जुना आहे. १९३१ ते १९३३ या वर्षांसाठी प्रसिद्ध केलेले संरक्षण खर्चाचे आकडे हेतुतः कमी दाखविण्यात आले होते. १९३२ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या निःशस्त्रीकरण परिषदेची पार्श्वभूमी त्याला होती. आर्. डब्ल्यू. डेव्हिस या ब्रिटिश इतिहासकाराने सोव्हिएट दप्तरखान्यातील कागदपत्रांच्या आधारे दाखविले, की १९३३ सालचा प्रत्यक्ष खर्च प्रसिद्ध आकड्याच्या सुमारे तिप्पट होता. प्रसिद्ध आकडेवारीत संरक्षण खर्च १९३३ मधील १.४ अब्जांवरून १९३४ मध्ये एकदम ५ अब्ज रूबलांवर (त्या वेळच्या रूबलांत) गेलेला दिसतो. एका वर्षात साडेतीन पट शस्त्रसज्जता झाली, असा त्याचा अर्थ नाही. लपविलेला खर्च त्या वर्षी पुन्हा उघड्या हिशेबात आला, एवढाच आहे. तेथून १९४० पर्यंत तो सुमारे ५७ अब्जांवर गेला आणि ही वाढ मात्र बहुतांशी खरी होती.

युद्धोत्तर काळात या ओळीचा उपयोग परराष्ट्रीय धोरणाचा संदेश म्हणूनही होऊ लागला. जानेवारी १९६० मध्ये निकिता क्रुश्चॉव्ह यांनी सैन्यात १२ लक्षांची कपात घोषित केली. बर्लिनचा पेच चिघळताच, जुलै १९६१ मध्ये त्यांनीच त्या वर्षाच्या संरक्षण तरतुदीत ३.१ अब्ज रूबलांहून अधिक वाढ जाहीर केली. डिसेंबर १९६३ मध्ये तणाव निवळल्याची खूण म्हणून पुढील वर्षासाठी ६० कोटी रूबलांची कपात जाहीर झाली. अशा घोषणांचा रणगाड्यांच्या उत्पादनाशी किती संबंध होता, हे बाहेरच्यास समजण्यास मार्ग नव्हता.

या संदिग्धतेचे व्यावहारिक परिणाम १९७३ मध्ये स्पष्ट झाले. परराष्ट्रमंत्री अंद्रेई ग्रोमिको यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत असा प्रस्ताव मांडला, की सुरक्षा समितीच्या स्थायी सदस्यांनी आपापल्या लष्करी अर्थसंकल्पात दहा टक्के कपात करावी व वाचलेल्या रकमेचा काही भाग विकसनशील देशांच्या साहाय्यार्थ द्यावा. आमसभेने तसा ठराव संमतही केला. परंतु दहा टक्के कशाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. अर्थ न सांगितलेल्या आकड्यात कपात झाली किंवा नाही, याची पडताळणी कशी करणार? या प्रश्नातूनच लष्करी खर्चाच्या अहवालाचा एक समान नमुना तयार करण्याचे काम संयुक्त राष्ट्रांनी हाती घेतले व १९८० मध्ये तो नमुना सिद्ध झाला. सोव्हिएट संघाने त्यानुसार अहवाल देण्यास पुढे दहा वर्षे लागली. ज्या गरीब देशांना या कपातीतून साहाय्य मिळावयाचे होते, त्यांच्या पदरी त्यातून काहीच पडले नाही.

अंदाजाच्या पद्धती : अधिकृत आकडा निरुपयोगी ठरल्यावर अभ्यासकांपुढे दोन मार्ग उरले. पहिला शेष-पद्धतीचा. सोव्हिएट सांख्यिकीय वार्षिकांत यंत्रोद्योगाचे एकूण उत्पादन दिलेले असे. त्यातून कारखान्यांना, शेतीला व ग्राहकांना पुरविलेली यंत्रसामग्री वजा केली, की जे उरते ते मुख्यतः शस्त्रास्त्रांचे उत्पादन, असे गृहीत धरता येते. विल्यम ली या अमेरिकन विश्लेषकाने १९७० नंतरच्या दशकात या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला व त्याचे अंदाज इतरांपेक्षा बरेच चढे निघाले. या पद्धतीचे वैगुण्य उघड आहे : दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेल्या लहान आकड्यात त्या दोहोंतील सर्व चुका साठतात. शिवाय सोव्हिएट संघातील संरक्षण मंत्रालयांचे कारखाने दूरचित्रवाणी संच, प्रशीतके, ट्रॅक्टर इ. नागरी वस्तूही मोठ्या प्रमाणावर बनवीत, तर नागरी मंत्रालयांचे कारखाने सैन्याला माल पुरवीत. त्यामुळे शिलकेत नेमके काय उरले, हे सांगणे कठीण होई.

दुसरा मार्ग घटक-गणनेचा. अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तवार्ता संघटनेने (सीआयए) हा मार्ग पतकरला व १९५० नंतरच्या दशकापासून सोव्हिएट संघाच्या विघटनापर्यंत तो चालविला. टेहळणी विमाने आणि १९६० पासून कृत्रिम उपग्रह यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून लष्करी तुकड्या, पाणबुड्या, विमाने, क्षेपणास्त्रांची कोठारे व कारखान्यांच्या छपरांचे क्षेत्रफळसुद्धा मोजले जाई. मग प्रत्येक बाबीची संख्या व तिची किंमत यांचा गुणाकार करून सर्वांची बेरीज केली जाई. या पद्धतीत संख्या बरीच भरवशाची असे. अडचण किंमतीची होती.

एखादे सोव्हिएट विमान अमेरिकन कारखान्यात बनविले असते, तर त्याला किती डॉलर लागले असते, असा प्रश्न अभियंत्यांना विचारला जाई. उत्तर मिळे, पण ते कितपत विश्वसनीय होते, याची कल्पना पुढील उदाहरणावरून येईल. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्तर बेलेंको हा सोव्हिएट वैमानिक आपले मिग–२५ विमान घेऊन जपानमधील हाकोदाते विमानतळावर उतरला. ध्वनीच्या वेगाच्या तिप्पट वेगाजवळ जाणारे हे विमान टिटॅनियमासारख्या महागड्या धातूचे असावे, असा पाश्चात्त्य तज्ञांचा समज होता. विमान उकलून पाहता ते मुख्यतः निकेलयुक्त पोलादाच्या जोडकामाचे असल्याचे आढळले आणि त्याच्या इलेक्ट्रॉनीय सामग्रीत जुन्या धर्तीच्या निर्वात नलिका होत्या. उपलब्ध साधनांत काम भागविणारी ही अभियांत्रिकी कौतुकास्पद होती. परंतु अमेरिकन अभियंत्याने मनात रचलेल्या विमानाचे मूल्य आणि प्रत्यक्ष विमानाचे मूल्य या भिन्न गोष्टी होत्या.

डॉलर-परिव्ययातील आणखी एक दोष निर्देशांकांच्या सिद्धांतातून उद्भवतो. समजा, ‘क’ देशाकडे १०० सैनिक व १० रणगाडे आहेत, तर ‘ख’ देशाकडे ५० सैनिक व २० रणगाडे. ‘क’ देशात मनुष्यबळ स्वस्त आहे : सैनिकाचा खर्च १ व रणगाड्याचा २०. या किंमतींनी ‘क’चा खर्च ३०० आणि ‘ख’चा ४५० होतो, म्हणजे ‘क’ मागे आहे. ‘ख’ देशात सैनिकाचा खर्च १० व रणगाड्याचा २० आहे. या किंमतींनी तीच सैन्ये मोजली, तर ‘क’चा खर्च १,२०० आणि ‘ख’चा ९०० होतो; म्हणजे ‘क’ पुढे आहे. सैन्ये तीच, गणितही बिनचूक, निष्कर्ष मात्र उलटे. प्रत्येक देश आपल्याकडे जे स्वस्त आहे त्याचा वापर अधिक करतो; म्हणून परक्याच्या किंमतींनी मोजताच तो फुगलेला दिसतो. अलेक्झांडर गेर्शेनक्रॉन (१९०४–७८) या अर्थशास्त्रज्ञाने सोव्हिएट यंत्रोत्पादनाच्या निर्देशांकांचा अभ्यास करताना किंमतींच्या निवडीचा असा परिणाम १९५१ मध्ये दाखवून दिला होता व तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

सोव्हिएट संघात सक्तीची सैन्यभरती होती व साध्या सैनिकाला महिन्याकाठी अवघे काही रूबल हातखर्चास मिळत. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद केली व सैनिकांचे वेतन वाढविले. परिणामी, मॉस्कोत एक कोपेकही अधिक खर्च झालेला नसताना डॉलरांत मोजलेला सोव्हिएट संरक्षण खर्च वाढला, कारण सुमारे चाळीस लक्ष सोव्हिएट सैनिक आता अमेरिकन स्वयंसेवकाच्या वेतनाने मोजले जाऊ लागले. फ्रँकलिन होल्झमन यांनी या विसंगतीवर सातत्याने टीका केली. सीआयएच्या १९७९ च्या तुलनेत सोव्हिएट खर्च अमेरिकेच्या तुलनेने डॉलरांत सुमारे ५० टक्के, तर रूबलांत सुमारे ३० टक्के अधिक दिसत होता. संघटनेच्या अहवालांत ही मर्यादा नमूद केलेली असे. वृत्तपत्रांत व निवडणुकीच्या भाषणांत मात्र पहिलाच आकडा पोहोचे.

१९७६ ची सुधारणा : दोन सैन्यांच्या आकारमानाची तुलना हा एक प्रश्न आणि एखाद्या अर्थव्यवस्थेवर तिच्या सैन्याचा पडणारा भार हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी डॉलर निरुपयोगी. तेथे त्या देशाच्याच किंमती लागतात. म्हणून सीआयए डॉलर-परिव्ययाचे रूबलांत रूपांतर करी. त्यासाठी लागणारी रूबल–डॉलर गुणोत्तरे थोड्याशा ज्ञात किंमतींवरून काढलेली असत आणि त्यांत एक गृहीत दडलेले होते : शस्त्रोद्योग हा सोव्हिएट अर्थव्यवस्थेतील सर्वांत कार्यक्षम विभाग असून त्याची उत्पादकता अमेरिकन शस्त्रोद्योगाच्या जवळपास आहे. या हिशेबाने संरक्षणाचा वाटा एकूण राष्ट्रीय उत्पादनाच्या ६ ते ८ टक्के येई.

१९७५ च्या सुमारास शस्त्रास्त्रांच्या रूबलांतील किंमतींविषयी नवी माहिती हाती आली आणि हे गृहीत कोसळले. १९७६ मध्ये सीआयएने आपला रूबल-अंदाज जवळजवळ दुप्पट केला : १९७० च्या किंमतींनी १९७५ चा खर्च ५० ते ५५ अब्ज रूबल आणि राष्ट्रीय उत्पादनातील वाटा ११ ते १३ टक्के. ‘रशियाचा लष्करी खर्च दुप्पट’ अशा अर्थाचा बोलबाला झाला व अमेरिकेत संरक्षणवाढीच्या पुरस्कर्त्यांना तो सोईचाही वाटला. वस्तुतः उपग्रहांनी मोजलेल्या रणगाड्यांत किंवा क्षेपणास्त्रांत एकाचीही भर पडलेली नव्हती. सोव्हिएट कारखान्यांना तेवढीच शस्त्रे बनविण्यास पूर्वी समजले जाई त्याच्या दुप्पट साधनसामग्री लागते, एवढाच नव्या आकड्याचा अर्थ होता. प्रतिस्पर्धी पूर्वीइतकाच बलवान, पण त्या बळासाठी तो कितीतरी अधिक थकत आहे, हा निष्कर्ष त्यातून निघावयास हवा होता. तो त्या वेळी फारच थोड्यांनी काढला.

१९८३ मध्ये उलट दिशेने दुसरी सुधारणा झाली. १९७६ नंतर सोव्हिएट संरक्षण खर्चाची वाढ दरसाल ४-५ टक्क्यांवरून सुमारे २ टक्क्यांवर आली असून शस्त्रखरेदी तर जवळपास स्थिर राहिली आहे, असे सीआयएने मान्य केले. अमेरिकेचा संरक्षण खर्च झपाट्याने वाढत असण्याचा तो काळ होता आणि या कबुलीला १९७६ च्या आकड्याइतकी प्रसिद्धी मिळाली नाही. पुढे १९८२ च्या किंमतींचा आधार घेतल्यावर संरक्षणाचा वाटा १५ ते १७ टक्के इतका ठरविण्यात आला. इगोर बिरमन यांच्यासारख्या स्थलांतरित सोव्हिएट अर्थशास्त्रज्ञांना हाही अंदाज फार कमी वाटत होता.

रूबलाची किंमत : या सर्व खटाटोपाच्या मुळाशी असलेली अडचण सांख्यिकीय नसून आर्थिक होती. बाजारपेठेच्या अर्थव्यवस्थेत किंमत ही वस्तूच्या दुर्मिळतेची स्थूलमानाने का होईना खूण असते. सोव्हिएट संघात घाऊक किंमती शासन ठरवी व त्या अनेक वर्षे बदलत नसत. १९६७ व १९८२ मधील फेररचना हे त्यातील मोठे टप्पे. काही वस्तूंवर उलाढाल कर भरमसाट, तर काहींना अर्थसाहाय्य. जमीन व भांडवल यांचे मोल हिशेबात पुरतेपणी येतच नसे. एब्रॅम बर्गसन (१९१४–२००३) यांनी कर वजा करून व अर्थसाहाय्य मिळवून ‘समायोजित घटक-परिव्यय’ काढण्याची रीत बसविली आणि पाश्चात्त्य अभ्यासकांनी ती सर्वत्र वापरली. परंतु शस्त्रोद्योगाला मिळणारी सर्वांत मोठी सवलत कोणत्याच खतावणीत लिहिली जात नव्हती. ती म्हणजे अग्रक्रम.

संरक्षण कारखान्यांना उत्तम पोलाद, उत्तम यंत्रे व उत्तम अभियंते प्रथम मिळत. कारखान्यात मुक्काम ठोकून असलेले लष्करी प्रतिनिधी प्रत्येक नगाची तपासणी करीत व सदोष माल नाकारीत. नागरी गिऱ्हाइकाला असा अधिकार नव्हता. समजा, एखाद्या कारखान्यात बनलेल्या इलेक्ट्रॉनीय भागांपैकी निवडक भाग सैन्याने ठरलेल्या दराने उचलले आणि उरलेले दूरचित्रवाणी संचांत बसविले गेले. निवडीचा खरा खर्च या दरात कोठेच उमटत नाही. तो बिघडणाऱ्या संचाच्या रूपाने ग्राहक भरतो. नकाशावर नसलेल्या बंदिस्त शहरांतील दुकाने इतरांपेक्षा भरलेली असत, तोही संरक्षणाचाच खर्च होता. अर्थसंकल्पात तो कोठे शोधावा?

गुपिताचा स्फोट : मिखाईल गोर्बाचॉव्ह (१९३१–२०२२) यांच्या खुलेपणाच्या धोरणात या प्रश्नाला तोंड फुटले. ऑगस्ट १९८७ मध्ये उपपरराष्ट्रमंत्री व्लादिमिर पेत्रोव्हस्की यांनी प्रथमच सांगितले, की अर्थसंकल्पातील ‘संरक्षण’ या ओळीत सैन्याचे वेतन, पुरवठा, बांधकाम, निवृत्तिवेतन अशा बाबी तेवढ्या येतात. शस्त्रखरेदी व संशोधन यांचा खर्च अन्य शीर्षांखाली असतो. किंमतींची फेररचना झाल्यावर दोन-तीन वर्षांत खरे आकडे देता येतील, असेही त्या वेळी सांगण्यात आले. पाश्चात्त्य टीकाकारांना ती टाळाटाळ वाटली. तीत टाळाटाळ होतीच, पण अर्धे सत्यही होते : विखुरलेल्या शीर्षांची बेरीज करता आली, तरी तिचा अर्थ त्या किंमतींत लागणारा नव्हता.

३० मे १९८९ रोजी लोकप्रतिनिधींच्या काँग्रेससमोर गोर्बाचॉव्ह यांनी त्या वर्षाचा संरक्षण खर्च ७७.३ अब्ज रूबल असल्याचे जाहीर केले. पुढील आठवड्यात पंतप्रधान निकोलाय रिझकॉव्ह यांनी त्याची फोड केली : शस्त्रखरेदी ३२.६ अब्ज, सैन्य व आरमार यांचा निर्वाह २०.२ अब्ज, संशोधन व विकास १५.३ अब्ज, लष्करी बांधकाम ४.६ अब्ज, निवृत्तिवेतने २.३ अब्ज व इतर २.३ अब्ज. यांतील निर्वाहाचा आकडा लक्षणीय आहे. आधी ‘संरक्षण’ म्हणून जाहीर केलेली एकूण रक्कमही २०.२ अब्जच होती. म्हणजे वर्षानुवर्षे सैन्याचे अन्न, वस्त्र व पगार तेवढे जगाला दाखविले जात होते आणि ज्या बंदुकांसाठी ते सैन्य होते, त्या इतर ओळींत होत्या.

तरीही वाद मिटला नाही. ७७.३ अब्ज म्हणजे अधिकृत एकूण राष्ट्रीय उत्पादनाच्या आठ-नऊ टक्के; सीआयएचा अंदाज त्याच्या जवळजवळ दुप्पट. एप्रिल १९९० मध्ये उरल भागातील निझ्नी तागिल या रणगाड्यांच्या शहरात बोलताना गोर्बाचॉव्ह यांनी लष्करी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १८ टक्के असल्याचे सांगितले, तेव्हा तर एकाच शासनाचे दोन आकडे झाले. येथे शब्दांच्या अर्थाकडे लक्ष दिले पाहिजे. सोव्हिएट व्याख्येनुसार ‘राष्ट्रीय उत्पन्ना’त बहुतेक सेवा धरल्या जात नसत, ते एकूण राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे सात-दशांश भरे. त्या हिशेबाने १८ टक्के म्हणजे राष्ट्रीय उत्पादनाचे सुमारे १३ टक्के होतात. एवढी दुरुस्ती केली, तरी जाहीर फोडीशी त्यांचा मेळ बसत नाही.

छेदाचा प्रश्न : भार म्हणजे अपूर्णांक. त्याचा अंश निश्चित करण्यात तीन दशके गेली; छेद, म्हणजे राष्ट्रीय उत्पादन, तितकाच संशयास्पद होता. फेब्रुवारी १९८७ मध्ये नोव्ही मीर या मासिकात ग्रिगोरी खानिन व वासिली सेल्यूनिन यांनी दाखवून दिले, की १९२८ ते १९८५ या काळात राष्ट्रीय उत्पन्न अधिकृत आकडेवारीप्रमाणे सुमारे नव्वदपट झालेले नसून सहा-सातपट झाले आहे. सीआयएचे स्वतंत्र अंदाज अधिकृत आकड्यांपेक्षा पुष्कळ संयत होते. तथापि मालाचा हिणकसपणा, रांगा आणि न खपणारे उत्पादन यांचे यथायोग्य मोल त्यांतही धरलेले नव्हते, असा आक्षेप नंतर घेतला गेला. छेद जेवढा लहान, तेवढा भार जड. रणगाड्यांची संख्या तंतोतंत बरोबर मोजूनही भाराचा अंदाज चुकू शकतो, तो असा.

नोएल फर्थ व जेम्स नोरेन या सीआयएच्या माजी विश्लेषकांनी १९९८ मध्ये या अंदाजांचा इतिहास लिहिला. प्रत्यक्ष सैन्याची गणना बरीचशी अचूक होती, ही त्यांची बाजू सामान्यतः मान्य होण्याजोगी आहे. मार्क हॅरिसन यांच्यासारख्या संशोधकांनी दप्तरखाने तपासल्यावर लष्करी खर्चाचे अंतर्गत हिशेब मिळाले. परंतु तेही त्याच रूबलांत, त्याच ठरवून दिलेल्या किंमतींत लिहिलेले आहेत. बाहेरच्यांपासून लपविलेला, पण आत कोठेतरी पूर्ण असलेला एखादा खरा ताळेबंद सापडेल, ही अपेक्षा फलद्रूप झालेली नाही.

अर्थव्यवस्थेवरील परिणाम : टक्केवारीचा वाद बाजूला ठेवला, तरी भाराचे स्वरूप संशयातीत आहे. शांततेच्या काळात अमेरिका १९८० नंतरच्या दशकात राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे ६ टक्के संरक्षणावर खर्च करीत होती, तर तिच्याहून पुष्कळ लहान असलेली सोव्हिएट अर्थव्यवस्था तेवढ्याच तोलाचे सैन्य पोसत होती. हा खर्च सर्व क्षेत्रांवर सारखा विभागलेला नव्हता. यंत्रोद्योगाच्या उत्पादनाचा फार मोठा हिस्सा आणि वैज्ञानिक संशोधनातील निवडक मनुष्यबळ त्याने व्यापले होते. जी साधने जुने कारखाने बदलण्यास, धान्याची कोठारे व रस्ते बांधण्यास लागली असती, नेमकी तीच. शेतात पिकलेल्या धान्याचा व बटाट्याचा मोठा भाग साठवण व वाहतूक यांच्या अभावी वाया जात असता त्याच देशात रणगाडे वाहून नेणाऱ्या रेल्वेगाड्या वेळेवर धावत.

याच भाराने सोव्हिएट संघ कोसळला, असे मात्र सरळ म्हणता येत नाही. आर्थिक वाढीचा वेग १९६० नंतरच्या दशकात सुमारे ५ टक्के होता, तो १९८० च्या सुमारास २ टक्क्यांच्या आसपास उतरला. वेग अधिक असताना संरक्षण व राहणीमान दोन्ही एकदम वाढविता येत होते. वेग मंदावल्यावर एकाला दिलेले दुसऱ्याकडून काढून घ्यावे लागले. घसरणीस नियोजनयंत्रणा, शेती, घटता श्रमपुरवठा अशी अनेक कारणे होती व संरक्षण त्यांपैकी एक होते. तीन-चार दशके सोसलेला भार १९९१ मध्येच असह्य का व्हावा, याचे उत्तर केवळ टक्केवारीत मिळत नाही; त्यासाठी गोर्बाचॉव्ह यांच्या राजकीय व आर्थिक सुधारणांकडे वळावे लागते.

भार उतरवणे हे तो वाहण्याइतकेच कठीण ठरले. डिसेंबर १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ५ लक्ष सैनिकांच्या कपातीची घोषणा झाली व शस्त्रकारखान्यांचे नागरी उत्पादनात परिवर्तन सुरू झाले. घरी परतणाऱ्या अधिकाऱ्यांना राहावयास घरे नव्हती. विघटनानंतर, १९९२ मध्ये, रशियन शासनाने शस्त्रखरेदीत सुमारे दोन-तृतीयांश कपात केली. कागदोपत्री ही साधने मोकळी झाली. पण विशिष्ट शस्त्रासाठीच घडविलेली यंत्रे दुसऱ्या कामास सहजासहजी येईनात आणि एकाच कारखान्यावर वसलेल्या उरल व सायबीरियातील शहरांत कामगारांना महिनोन्‌महिने वेतन मिळेनासे झाले.